खाज थांबली म्हणजे गजकर्ण गेलं असं नाही

आईच्या दंडावरचा लहानसा गोल चट्टा आता तळहाताएवढा झालाय. कडेचं लाल, खवल्यांचं रिंगण पुसट झालंय आणि मधली कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसतात. एका फॉरवर्डमधलं मलम ती तीन आठवडे लावत होती, आम्हाला न सांगता.

तो मेसेज म्हणतो: ‘तीन औषधांचं’ मलम लावा, दोन दिवसांत खाज बंद, खाज गेली की मलम थांबवा, बुरशी म्हणजे जंतूच, अँटिबायोटिकही चालतं, बुरशीच्या गोळ्या लिव्हर खातात, गोड सोडा, बुरशी उपाशी मरेल.

आधी मलम. त्या तीन औषधांतलं एक स्टिरॉइड असतं. खाज आणि लाली ही बुरशीशी झगडणाऱ्या शरीराची खूण. स्टिरॉइड तो झगडाच दाबतं. खाज जाते, बुरशी निवांत पसरते. रिंगण पुसलं गेल्यामुळे डॉक्टरांनाही नुसतं बघून सांगता येईना. खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा बुरशीचे धागे दिसले.

अँटिबायोटिक जीवाणूंवर चालतं. बुरशीची पेशी जीवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जवळची, त्यामुळे तिला मारून आपल्याला न दुखावणारं औषध शोधणंच अवघड. आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं, तिच्यात एर्गोस्टेरॉल; टर्बिनाफिन आणि इट्राकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधं हे एर्गोस्टेरॉल बनूच देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2022 मध्ये 19 घातक बुरश्यांची यादी काढली, तेव्हा बुरशीविरोधी औषधांचे जेमतेम चार वर्ग हाताशी असल्याचं सांगितलं. चारच! आणि मेसेज सांगतो, औषध मध्येच सोडा. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या गजकर्णाच्या बुरशीत टर्बिनाफिन जिथे काम करतं त्या एन्झाइमचं जनुकच बदललेलं सापडतं, आणि मग ती गोळी लागू पडत नाही.

लिव्हरचं म्हणणं अर्धं खरं आहे, मानावं लागेल. किटोकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्यांवर 2013 मध्ये युरोप-अमेरिकेत त्याच कारणाने बंधनं आली. पण म्हणूनच गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची, गरज पडली तर रक्त तपासून.

गोडाचं काय सांगायचं? गजकर्णाची बुरशी कातडीतल्या केराटिन या प्रथिनावर जगते, साखरेवर नाही.

घरात असं मलम असेल तर ट्यूबवरची बारीक अक्षरं आजच वाचा. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन यांपैकी एखादं स्टिरॉइड दिसलं तर ते गजकर्णावर लावू नका. आधीच लावत असाल, तर ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.