मंगळवार, अर्धा चमचा

राजमाचीला तंबूत एक रात्र काढायची म्हटल्यावर शहाणी माणसं तंबू बघतात, कर्जत लोकलची वेळ बघतात. आमच्या घरात मात्र पहिला प्रश्न असतो, "मसाला कोणता नेणार?"

आई कणकवलीकडची, बायको कोल्हापूरची. एरवी आमच्या परळच्या घरात ओट्यावर दोन बरण्या शेजारी शेजारी सुखाने नांदतात, कारण एकमेकींच्या बरणीला हात लावायचा नाही असा दोघींचा अलिखित करार आहे. पण सॅकमध्ये जागा असते एकाच बरणीपुरती, आणि कराराची वाट तिथेच लागते.

मालवणी मसाल्याबद्दल आई काही ऐकून घेत नाही. उन्हाळ्यात लालबागच्या मिरची गल्लीत जाऊन ती स्वतः मिरच्या निवडते. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी. मग गच्चीत वाळवण, भाजणं आणि शेवटी मसाला कुटायच्या डंखापाशी पदर नाकाला लावून उभं राहणं. डोळ्यांतून धारा लागल्या तरी ती जागची हलत नाही. नजर काढली की आपल्या मिरच्या पुढच्या बाईच्या पिशवीत जातात, अशी तिची ठाम समजूत. आता एवढ्या तपश्चर्येचा मसाला "रानात नेऊन त्या मॅगीवर शिंपडणार काय रे?" हाही प्रश्न तिचाच. म्हणजे न्यायचा तर हाच, आणि हा तर न्यायचा नाही.

बायकोने वकिली मुद्दा काढला. कांदा-लसूण मसाल्यात कांदा, लसूण, सुकं खोबरं सगळं आधीच भाजून-परतून कुटलेलं असतं. "तुमचा तो तळहाताएवढा स्टोव्ह. वाऱ्यात कांदा परतत बसलात तर सिलिंडर कांद्यातच संपेल. मसाला टाका, पाणी ओता, झाला रस्सा." मनातल्या मनात मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि तोंडाने म्हणालो, "दोघींचंही बरोबर आहे." दोघीही माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी टॉर्चचे सेल शोधायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेलो.

तेवढ्यात समोरच्या काकू वाटीभर गोडा मसाला घेऊन हजर. "आमटीला लागेल." आम्ही आमटी करणार नाही, असं सांगितलं. "मग करा," म्हणाल्या आणि वाटी ठेवून गेल्या. या बिल्डिंगमध्ये भिंती एवढ्या पातळ आहेत की मसाल्यावरून आवाज चढला की तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना मत असतं.

शेवटी थोडं थोडं सगळंच न्यायचं ठरलं. आता भरायचं कशात? झिपवाल्या पिशवीवर माझा विश्वास नाही. पहिल्यांदा उघडतानाच चिमूटभर तिखट तिच्या खाचेत बसतं, आणि मग ती पिशवी या जन्मी मिटत नाही. बरण्या जड. तेव्हा बाबांनी त्यांचा गोळ्यांचा जुना डबा काढून दिला, सात वारांचे सात कप्पे असलेला. सोमवारी हळद, मंगळवारी आईचा मसाला, बुधवारी मोहरी-जिरं, गुरुवारी बायकोचा, शुक्रवारी काकूंचा, शनिवारी मीठ, रविवारी साखर. वजन नाही, सांडणं नाही. एवढी अक्कल आमच्या घरात क्वचितच एका जागी जमते.

हिंगाला मात्र वेगळी डबी, डबीवर कागद, कागदावर पिशवी. तरी बदलापूर यायच्या आत समोरच्या बाकावरून आवाज आला, "कुणाचं लोणचं फुटलंय का बघा." माझा वसईचा मित्र तर बाटली मसाला घेऊन आला होता, तोही घरच्या रिवाजाप्रमाणे बिअरच्या गडद बाटलीत काठीने ठासून भरलेला. उजेड लागला नाही की रंग-वास टिकतो, हे तो सांगत होता. डब्यातली मंडळी बाटलीकडे बघत होती आणि मग आमच्याकडे.

कर्जतजवळच्या कोंढाणे लेण्यांवरून चढून राजमाचीवरच्या उधेवाडीत पोचेपर्यंत सगळे भुकेने कावले होते. सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, रस्सा ठरला. आईने दिलेलं खोबरेल बाटलीत दगड झालेलं, कारण ते चोवीस अंशांखालीच गोठायला लागतं आणि जानेवारीत माचीवर बोटंही गोठतात. चमच्याच्या दांड्याने ते उकरून काढलं. मग डबा उघडला.

कपाळावरच्या टॉर्चच्या त्या निळसर उजेडात ब्याडगीचा लालभडक रंग जातो कुठे, देव जाणे. सगळे कप्पे चहाच्या भुकटीसारखे दिसत होते. वास घ्यावा तर हिंगाने नाक कधीच बाद केलेलं. राहता राहिली झाकणावरची इंग्रजी अक्षरं. ती वाचायला लागल्यावर कळलं की हा डबा बनवणाऱ्याने अंधाराचा विचारच केलेला नाही. मंगळवारही 'टी' आणि गुरुवारही 'टी'. शनिवार-रविवार दोघेही 'एस', म्हणजे मीठ आणि साखर सख्खी जुळी भावंडं. 'एम' उलटा धरला की 'डब्ल्यू'.

"मंगळवार टाक, अर्धा चमचा!" मित्र ओरडला.

"हा मंगळवार की गुरुवार?"

"पाणी आटतंय, कुठलाही वार टाक!"

टाकला. उत्तम झाला रस्सा. भाकरी संपल्यावर लोकांनी ब्रेडने पातेलं पुसलं.

त्या गावात माझ्या फोनला रेंज एकाच दगडावर यायची. तिथे उभा राहिलो तोच घरून फोन. स्पीकरवर दोघी.

"जेवलात? कुठला टाकलास?"

"टी," मी खरं तेच सांगितलं.

पलीकडे क्षणभर शांतता.

"रश्शात चहा घातलान यानं!" आई म्हणाली.

"मी म्हणत होते ना आई, मॅगीच द्या म्हणून," बायको म्हणाली, आणि त्या रात्री मसाल्यावरून पहिल्यांदाच दोघींचं एकमत झालं.