श्रश्रसंपादकीयश्रश्र

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा दिवाळी अंक निघतो आणि त्याचा संपादक मी आहे. हे पद गुणवत्तेवर मिळालेलं नाही. ज्या सभेत निवड झाली, तिला मी एकटाच गैरहजर होतो.

गेल्या वर्षी निम्मे लेख जुन्या फाँटांत आले. हे फाँट म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठीचा मुखवटा. माझ्या कॉम्प्युटरवर मुखवटा गळाला आणि पाटणकर वहिनींचे अनारसे नुसत्या स्वल्पविरामांत तळले गेले. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षर तेच राहतं त्या पद्धतीत, देवनागरी १९९१पासून आहे म्हणे. बी विंगपर्यंत अजून पोचायची आहे.

यंदा भाचा म्हणाला, "मामा, वर्डबिर्ड सोड. सगळं साध्या मजकुरात ठेव. मार्कडाउन शीक, दहा मिनिटांचं काम."

हे मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरातच खुणा करून मांडणी सांगायची पद्धत, जॉन ग्रुबर या गृहस्थांनी २००४ साली काढलं. मथळ्याआधी हॅश टाकायचा, शब्द ठळक हवा तर दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे. मग पॅनडॉक नावाचं सॉफ्टवेअर त्या एकाच फाइलीतून छपाईची प्रतही काढून देतं आणि मोबाइलवरचं ई-बुकही. पॅनडॉक लिहिणारे जॉन मॅकफार्लेन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, हे कळलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मी टाइप करतो इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या सरकारी कीबोर्ड-मांडणीवर. इंग्रजीत जिथे तारा असतो, तिथे इनस्क्रिप्टमध्ये 'श्र' आहे. हॅशच्या जागी रकार. तारा हवा तर आधी कीबोर्ड इंग्रजीत न्यायचा, तारे द्यायचे, परत मराठीत यायचं, शब्द लिहायचा, पुन्हा इंग्रजीत. ठाण्याहून वाशीला जाऊन यावं तसं, प्रत्येक ठळक शब्दाला. तिसऱ्या पानावर मी जायचं विसरलो आणि 'श्रश्रअध्यक्षांचे मनोगतश्रश्र' तयार झालं. अध्यक्षांना ते आवडलं. त्यांना वाटलं, श्री श्री.

पण खरा घात कवितेने केला. मार्कडाउनला ओळी तोडलेल्या कळत नाहीत, ते त्या जोडून सरळ परिच्छेद करतं. ओळ तुटायला हवी तर शेवटी दोन स्पेस द्यायच्या. दिसत नाहीत, पण असाव्या लागतात. रात्री एकपर्यंत बसून मी सी विंगच्या जोशीकाकांच्या बेचाळीस ओळींना चौऱ्याऐंशी स्पेस दिल्या. सेव्ह केलं. कविता गद्यच.

"अरे हो," भाचा म्हणाला, "ओळीच्या शेवटच्या फालतू स्पेस सेव्ह करताना आपोआप उडतील असं सेटिंग करून ठेवलंय मी. फाइल स्वच्छ राहते."

"मग आता?"

"स्पेसऐवजी बॅकस्लॅश दे. तो उडत नाही."

दिला. बेचाळीस. डोळे मिटत होते आणि कीबोर्ड, अर्थातच, मराठीत होता. बॅकस्लॅशच्या बटणावर इनस्क्रिप्टमध्ये 'ॉ' असतो, हे मला नौपाड्यातल्या प्रेसमधून प्रूफ आल्यावर कळलं.

समितीपुढे खजिनदारांनीच ती मोठ्याने वाचली: "घोडबंदरवर थांबला पाऊसॉ काचेवर उरले थेंबॉ सिग्नलला भिजतंय मनॉ..."

क्षणभर कोणी बोललं नाही. मग चिटणीसबाईंनी हळूच विचारलं, "जोशीकाका मूळचे बंगालचे का हो?"

"छे," खजिनदार म्हणाले, "तीन पिढ्या नौपाड्यात. पण चाल छान लागते."