३९ विरुद्ध १

आज सकाळी शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी पोल टाकला. मुलीच्या खुनात पकडलेल्यांना फाशी हवी की नको? दुपारी जेवायला बसलो तेव्हा हवी ३९, नको १. तो एक मी. तेव्हापासून फोन नुसता वाजतोय. 'तुझ्या घरात झालं असतं तर?' 'कोलवाळच्या तुरुंगात त्यांना फुकट पोसायचं काय?' एकाने तर 'भर बाजारात लटकाय तांका' लिहून पुढे दोन हसरे चेहरे टाकलेत. हसरे!

काहींनी ही गोष्ट माझ्याकडून दहादा ऐकलीय, अकराव्यांदा ऐका. मी पाचवीत होतो. वाड्यावर काकीची सोन्याची साखळी गेली. त्या दिवशी पाडेली नारळ पाडायला आला होता, एवढाच पुरावा. त्याच्याच दोरीने त्याला फणसाला बांधला. बाबांनीही एक थोबाडीत दिली. माझ्या बाबांनी, ज्यांनी मला कधी चापट मारली नाही. चतुर्थीच्या झाडलोटीत साखळी देव्हाऱ्यामागे सापडली.

वाडा अडाणी, कोर्ट शहाणं, असं म्हणाल. नाशिककडच्या एका खटल्यात सहा जणांना फाशीच, असं २००९ मध्ये खुद्द सुप्रीम कोर्ट म्हणालं. २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. मधल्या काळात कुणी घाई केली नाही म्हणून जिवंत राहिले. तुमच्या पोलवर असते तर?

पोर्तुगीजांचं कौतुक करायची मला हौस नाही. १९५५ साली गोव्याच्या सीमेवर, पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारी ती माणसं. पण लष्करी गुन्हे सोडून बाकी गुन्ह्यांची, खुनाचीसुद्धा, फाशी त्यांनी स्वतःच्या देशात १८६७ लाच काढून टाकली. आणि आम्ही फाशीला अंगठे वर करत बसलोय.

हो, जिची मुलगी गेली त्या आईसमोर हे बोलायची माझी छाती नाही. मान्य. २००९ मध्ये बायकांचे खून पाडणारा शिरोड्याचा महानंद नाईक सापडला तेव्हा मीही चहाच्या टपरीवर लटकवा म्हटलं होतं. तेही मान्य.

चढ्या आवाजात लिहिलं असेन तर सोडून द्या. बाबा आठवले की असं होतं. पुढे तो पाडेली आला की बाबा स्वतः कप घेऊन परसात जायचे. तो चहा घ्यायचा, पण मान वर करायचा नाही. बाबाही तो कप रिकामा होईस्तोवर तिथेच उभे राहायचे.

आत्ता पोल परत बघितला. ४० झाले. वाढलेलं मत काकीच्या मुलाचं.