ताकद फुकट नाही, पण हप्त्यानं भरता येते

भाऊ, हवेच्या दाबावर चालणाऱ्या स्पिअरगनवरचा, म्हणजे पाण्याखाली मासे मारायच्या भाल्याच्या बंदुकीवरचा, माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मालवणहून एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून सुटणं बरं दिसणार नाही. तुमचे आक्षेप तीन. एक, जळगावात बसून समुद्रातल्या हत्यारावर लिहिणं हा आगाऊपणा. दोन, व्हॅक्यूम नळीमुळे (पुढच्या भागात पाणी शिरू न देणारी नळी) ‘फुकटची ताकद’ मिळते हे माझं वाक्य साफ चूक. तीन, गन भरायच्या या नव्या युक्त्या म्हणजे खिसे कापायचे धंदे, त्यापेक्षा ताणलेल्या रबरी पट्ट्यांनी भाला फेकणारी गन बरी.

पहिला आक्षेप मान्य. आमच्याकडे तापी आहे, पण हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडायची वेळ येते तेव्हा पाण्याचा चहा झालेला असतो. मासा सोडा, स्वतःचं कोपर दिसत नाही. धरणातली मासेमारीही ठेक्यावर असते, तिथे आपण कुठे घुसायचं? मी आजवर एकही मासा मारलेला नाही. माझं नातं लेथशी. मस्कतहून सुटीवर आलेल्या भाच्यानं ‘मामा, ही हवा धरत नाही’ म्हणून गन माझ्यापुढे टाकली, तिथून हे वेड लागलं.

दुसऱ्या आक्षेपात तुमचं बरोबर आहे, माझंच चुकलं. तरी कुठे चुकलं ते नीट मांडतो. या गनमध्ये दाबून भरलेल्या हवेची टाकी असते. भाला नळीत ढकलला की पिस्टन मागे सरकतो आणि ती हवा आणखी दबते; चाप ओढला की तीच हवा पिस्टनला आणि भाल्याला पुढे फेकते. भाच्याच्या गनची आतली नळी १३ मिलिमीटरची. तिचं तोंड भरतं १.३३ चौरस सेंटिमीटर. २० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे वीसपट दाबाची, हवा भरली की भाला आत ढकलायला सुरुवातीलाच सुमारे २७ किलो जोर लागतो. पिस्टन ९० सेंटिमीटर मागे सरकेपर्यंत टाकीतली हवा आणखी दबते आणि शेवटी हाताला ३१ किलोच्या आसपास लागतं. हे सगळं पाण्यात तरंगत, गनचा दस्ता मांडीला टेकवून. सिमेंटचं पोतं ५० किलोचं असतं, पण ते उचलताना पायाखाली जमीन असते.

आता व्हॅक्यूम. साध्या गनमध्ये भरताना पिस्टनच्या पुढे पाणी शिरतं. आठ मिलिमीटरच्या भाल्याभोवती, नव्वद सेंटिमीटर लांबीत, सुमारे ७५ मिली. एक कटिंग चहा म्हणा. चाप ओढला की पिस्टनला भाल्याबरोबर हे पाणीही तोंडाजवळच्या भोकांतून क्षणात बाहेर फेकावं लागतं. होळीची पिचकारी जोरात दाबून बघा, हात का भरून येतो ते कळेल. व्हॅक्यूमच्या गनमध्ये तोंडाशी एक रिंग भाल्याला घट्ट धरून असते, पाणी आत येतच नाही आणि पुढची जागा रिकामी राहते. त्या रिकाम्या जागेमुळे पाण्याच्या पृष्ठभागाजवळ भरताना हाताला जेमतेम पाऊण-एक किलो जास्त लागतं, आणि तेवढंच सुटताना परत मिळतं. म्हणजे फुकट काही नाही, तुमचंच तुम्हाला परत. खरा फायदा ते ७५ मिली पाणी ढकलायचं वाचण्यात आहे. मी लिहायला हवं होतं ‘वाया जाणारी ताकद वाचते’, लिहिलं ‘फुकट मिळते’. ते वाक्य आज दुरुस्त केलं.

हे नुसतं कागदावरचं नाही. आधी धाकट्या भावाच्या शेततळ्यात करून बघणार होतो, पण त्याच्या तळाला प्लास्टिकचा कागद. तो काठावरूनच ओरडला, ‘दादा, कागद फाटी जाई!’ मग जुन्या सिमेंटच्या हौदात केळीचा खांब आडवा बुडवून बांधला. रावेर-यावलकडे खांबाला तोटा नाही, घड उतरला की तो टाकाऊच. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून भरायचं, भाल्याला दोरी, आणि पुढे कुणी नाही ही खात्री. एका बाजूला कंपनीचं तोंड, दुसऱ्या बाजूला मी लेथवर काढलेलं रिंगवालं तोंड, दाब तोच. रिंगवाल्या तोंडानं भाला दर वेळी जास्त आत रुतला. खांब मऊ असतो, त्याला मासा समजू नका. दोन तोंडांतला फरक तेवढा दिसतो.

त्याआधीचा एक गाढवपणाही सांगून टाकतो. टेबलावर, कोरड्यात, भाला न घालता कमी दाबावर चाप ओढून बघितला. पिस्टन पुढच्या बफरवर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या तुकड्यावर, आदळला आणि बफर चिरला. पाण्याची गादी नसली की सगळा धक्का त्या इवल्याशा तुकड्यावर येतो. व्हॅक्यूमच्या गनला बफर दणकट का लागतो, ते मला असं कळलं. भाचा अजून बोलून दाखवतो.

आता रबर. इथे तुम्ही नकळत माझंच म्हणणं मांडलंय. रबराच्या गनला दोन-तीन पट्टे असतात, तुम्ही एकेक ओढता. म्हणजे जोर हप्त्यानं भरता. हवेच्या गनला तो एकरकमी भरावा लागतो, आणि दुबळ्या मनगटाचा माणूस तिथेच अडतो. नव्या युक्त्यांतली मला पटलेली एकच, ती म्हणजे हा हप्ता हवेच्या गनला लावणं. जुन्या सोव्हिएत मुलखात पाणी आणि हवा दोन्ही वापरणाऱ्या गन बनत आल्या आहेत. त्यांत बारीक पंपानं बाहेरचं पाणी थोडं थोडं आत रेटतात आणि ते पाणी हवा दाबतं. गाडीचा जॅकही असाच चालतो. आठ मिलिमीटरच्या दांड्याचा पंप धरला तर २० बारला दहा किलोच्या आसपास जोर पुरतो. मात्र तीस सेंटिमीटरचे आठ झटके मारावे लागतात. एकूण मेहनत तीच. वर झडपा आणि ओ-रिंगा (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) वाढतात, तेवढे गळायचे धोकेही वाढतात.

म्हणून ‘बिनश्रमाचं लोडिंग’ अशी जाहिरात दिसली की मी पण तुमच्यासारखाच हसतो. लांब हँडल असो, पायात अडकवायचा आकडा असो, दस्ता मधे असो, सगळ्यांचा उपयोग जोर लावायला शरीराची सोय करून देण्यापुरता. दाब तेवढाच ठेवून १३ च्या जागी ११ ची नळी घेतली तर हाताला १९-२० किलोच लागतं, पण भाल्यालाही तेवढाच धक्का मिळतो.

रबर उन्हात चिरतं हे तुम्ही सोडून दिलंत. आमच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ते किती टिकेल कुणास ठाऊक. हवेची गनही तिथे सुखात नसते. २५ अंशांवरून ४५ वर गेली की २० बारचे साडेएकवीसच्या आसपास होतात.

तुमच्या गनला पट्टे किती आणि भाला किती मिलिमीटरचा, ते कळवा. शेवटचा पट्टा ओढायला किती किलो लागतात हे वजनकाट्यानं मोजलंत तर दोन्ही गनचं गणित शेजारी शेजारी मांडता येईल.