रिपोर्ट थांबलाय म्हणजे काही निघालंय, असं नसतं

मी चिपळूणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. नोकरीच्या मेडिकलला येणारी मुलंमुली रोज समोरच्या खुर्चीत बसतात. कोणाला बोटीवर जायचं असतं, कोणाला गल्फला, कोणाला लोट्याच्या एमआयडीसीत, कोणाला पुण्याच्या आयटी कंपनीत. सुईला फारसं कोणी घाबरत नाही. खरी भीती नंतर सुरू होते. दोन-चार दिवसांत कळवतो म्हणालेली कंपनी आठवडा उलटला तरी गप्प, एजंट फोन उचलत नाही, आणि मग घरात, वाडीत एकच वाक्य फिरायला लागतं: "काहीतरी निघालं असणार."

या एका वाक्याने धडधाकट पोरं खचताना मी बघते. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

आधी रिपोर्ट कुठे अडकतो ते सांगते. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, साखर, किडनीसाठी क्रिएटिनिन, लिव्हर, लघवीची साधी तपासणी, हे सगळं इथल्या इथे त्याच दिवशी होतं. पण काही तपासण्या लहान लॅबमध्ये होत नाहीत. त्यांची सॅम्पल मुंबईला जातात. बर्फाच्या पॅकसकट डबा कुरिअरवाल्याच्या हाती दिला की पुढचं सगळं रस्त्यावर. पावसात परशुराम घाटात दरड आली की काय होतं ते आपल्या लोकांना सांगायला नको. बरं, पोचल्यावर एखाद्या सॅम्पलमध्ये रक्ताच्या पेशी फुटलेल्या असतात. अशा रक्तात पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, म्हणून चांगली लॅब तो आकडा देतच नाही, पुन्हा रक्त मागते. उमेदवाराला मात्र फोनवर एवढंच कळतं की रिपीटला बोलावलंय. त्या रात्री त्या घरात कोणाला जेवण जात नाही.

आणि लॅबचा कागद म्हणजे निकाल नव्हे. तो पॅनलच्या, म्हणजे कंपनीने किंवा एजन्सीने नेमलेल्या, डॉक्टरांकडे जातो. ते एक्स-रे, ईसीजी, डोळे, कान, बीपी सगळं एकत्र बघून फिट की अनफिट ते लिहितात आणि सही करतात. मग एजन्सी, मग कंपनी. डॉक्टर रजेवर, एचआरचा माणूस रजेवर, मध्ये दुसरा शनिवार, मध्ये गणपती. सगळे आकडे नॉर्मल असलेले रिपोर्ट नुसत्या सहीसाठी पडून राहिलेले मी पाहिलेत.

सगळ्यात जास्त धसका असतो ड्रग टेस्टचा, विशेषतः बोटीवर जाणाऱ्यांना. तिथे काय होतं ते नीट समजून घ्या. उमेदवार बाटली आणून देतो. बाटलीवरची तापमानाची पट्टी मी त्याच्यासमोर बघते. ताजी लघवी ३२ ते ३८ अंशांत असायला हवी, आणि हे पहिल्या चार मिनिटांत बघायचं असतं. मग झाकणावरून सील, सीलवर त्याची स्वतःची सही, तारीख, वेळ. एक फॉर्म बाटलीबरोबर जातो आणि ती ज्याच्या ज्याच्या हातात जाईल त्याची त्यावर नोंद होते. हा सगळा खटाटोप उमेदवाराच्याही भल्याचा आहे, त्याच्या नावावर दुसऱ्याचं सॅम्पल चढू नये म्हणून. तेव्हा सील लावताना इकडेतिकडे बघू नका, मोबाइल खाली ठेवा, नाव आणि नंबर स्वतः वाचा आणि मगच सही करा.

पहिली तपासणी झटपट होते, इम्युनोअसे म्हणतात तिला. ती जाड चाळणी आहे, तिच्यात निरुपद्रवी गोष्टीसुद्धा अडकतात. काही अडकलं तर त्याच सॅम्पलवर जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस मशीनवर पक्की तपासणी करतात, नेमका कोणता पदार्थ आणि किती ते तिथे कळतं. तिला वेळ लागतो. म्हणजे उशीर झाला याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की कोणीतरी घाईने शिक्का न मारता पुन्हा तपासून बघतंय. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते अफूच्याच वर्गातलं. आपल्या खसखशीतही मॉर्फीनचे अंश असू शकतात. अमेरिकेत सरकारी नियमांखालच्या ड्रग टेस्टमध्ये अफूच्या वर्गाची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर केली, त्यामागे खसखशीचंच कारण होतं. सगळ्या कंपन्या तीच मर्यादा लावतात असं नाही. म्हणून मेडिकलच्या आधीचे काही दिवस अनारसे नकोत आणि खसखशीच्या वाटपाचा रस्साही नको. जे औषध घेतलं असेल ते फॉर्मवर लिहा आणि डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवा. लपवलेलं औषध पुढे फार त्रास देतं, लिहिलेलं देत नाही.

एक कळकळीची विनंती, टेस्टच्या आधी पाणी ढोसू नका. "साफ होऊन जाईल" असं मित्र सांगतात आणि पोरगा एसटी स्टँडवर दोन बाटल्या रिचवून येतो. लघवी पाण्यासारखी झाली की तिच्यातलं क्रिएटिनिन डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली जातं, विशिष्ट गुरुत्व म्हणजे लघवीचा दाटपणा उतरतो आणि सॅम्पल "डायल्यूट" म्हणून परत येतं. काही न घेतलेल्या पोरालाही मग पुन्हा यावं लागतं, पुन्हा थांबावं लागतं, आणि वर संशय येतो तो वेगळाच.

बीपीचंही तसंच. रात्रभर एसटीत जागून, उपाशीपोटी, घाबरून आलेल्या पोराचं बीपी वाढलेलं दिसणारच. आदल्या रात्री चिपळुणात कोणा नातेवाइकाकडे उतरा आणि झोप काढून या. मेडिकलच्या आदल्या आठवड्यात मित्रांबरोबर "पार्टी" केली तर लिव्हरचे आकडे वाढू शकतात, हेही ध्यानात असू द्या.

मागे एक काकी काउंटरवर आल्या. गुहागरकडच्या. पहाटेची गाडी पकडून आल्या होत्या, हातात पोराच्या पावतीची घडी, घामाने ओली झालेली. म्हणाल्या, "बाय, माझ्या झिलाचं काय निघालंय ता सांग. तोंडान नको सांगू, नुसती मान हलव." मला सांगता येत नव्हतं. सज्ञान माणसाचा रिपोर्ट त्याच्या परवानगीशिवाय आईलाही देता येत नाही आणि ते बरोबरच आहे. पण मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि मुलाला फोन लावायला लावला. त्याच्या परवानगीने एवढं सांगितलं की सॅम्पल मुंबईला गेलंय, पोचलंय, आणि त्या तपासणीला अजून वेळ लागतो. काकी पाच मिनिटं नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे अजून झालाच नाय होय? आमका वाटला झाला नि लपवून ठेवलाय." निकाल त्यांना कळला नव्हताच. नेमकं काय चाललंय तेवढं कळलं, आणि त्या एसटी धरून सरळ घरी गेल्या.

माझं म्हणणं सगळं यातच आहे. वाट बघण्याने माणूस तेवढा मोडत नाही, जेवढा अंधारात ठेवल्याने मोडतो.

नोकरी कारखान्यातली किंवा आयटीतली असेल तर मेडिकलच्या जोडीला बीजीव्ही असतं, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. पत्ता, शिक्षण, आधीची नोकरी, पोलीस. आपल्याकडे यात काय काय अडतं ते शहरातल्या एचआरला माहीतच नसतं. पत्ता म्हणजे मुक्काम, पोस्ट आणि वाडी. पत्ता बघायला आलेल्या माणसाला एका वाडीत एकाच नावाची तीन माणसं भेटतात. घराला कुलूप असतं, कारण घरचे मुंबईला. फोन लागत नाही, कारण रेंज वर सड्यावर गेल्याशिवाय मिळत नाही. मग शेरा पडतो, "उमेदवार पत्त्यावर आढळला नाही." लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची तर दर कागदाला वेगळी कथा. आणि चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ चा पूर आठवत असेलच. वाशिष्ठीचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं, त्यात कपाटंच्या कपाटं गेली, गुणपत्रिका, दाखले, अनुभवाची पत्रं सगळी चिखलात. दहावी-बारावीची दुय्यम गुणपत्रिका कोकण मंडळाच्या रत्नागिरीच्या ऑफिसातून मिळते. ती अजून काढली नसेल तर नोकरी लागायची वाट न बघता आत्ताच काढून ठेवा. बीजीव्हीचा फॉर्म भरताना घराजवळची खूण, शेजाऱ्याचा नंबर आणि रेंजमधल्या एका माणसाचा नंबर नक्की द्या.

आता एजंट. वाट बघणाऱ्या माणसाला लुबाडणं सगळ्यात सोपं असतं. "मेडिकलमध्ये थोडा प्रॉब्लेम आहे, दहा हजार द्या, करून देतो," असा फोन आला की आई गळ्यातलं काढून देते. देऊ नका. रिपोर्टमधला खरा दोष पैशाने जात नाही, आणि दोष नसेल तर पैसे कशाचे? बोटीवर जाणाऱ्यांसाठी मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६ हा खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार भरतीसाठी खलाशाकडून फी घेता येत नाही. सरकारी मेडिकल सर्टिफिकेट, सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याच्यावर. एजन्सीकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याचं, आरपीएसएल हे भरतीचं लायसन्स आहे का ते डीजी शिपिंगच्याच वेबसाइटवर दिसतं. गल्फला जाणाऱ्यांनी एजंटचं नाव ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर बघावं. दोन मिनिटांचं काम आहे, घरातली कॉलेजात जाणारी पोरगीसुद्धा करेल.

एचआयव्हीची भीती बरेच जण मनात ठेवतात, विचारत नाहीत. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणं त्याने बंद केलं, आणि संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही. गल्फच्या व्हिसासाठी त्या देशांचे स्वतःचे नियम लागतात, तिथे ही चाचणी होते, हे मात्र खरं.

घरच्यांसाठी थोडं. "आला काय रे रिपोर्ट?" हे पोराला दिवसातून एकदा विचारणं पुष्कळ झालं. चहाला विचारलं तर जेवताना नको. जॉइनिंग होईपर्यंत पेढे वाटू नका, गाव विचारत राहतं आणि उत्तर त्या पोराला द्यावं लागतं. निघायची तारीख हातात नसताना कर्ज काढू नका. आणि त्याला घरात बसवून ठेवू नका. ऑगस्टला मासेमारी सुरू झाली तरी "कधीही बोलावतील" म्हणून होडीवर न गेलेली पोरं मला माहीत आहेत. जाऊ द्या त्यांना. आंब्याच्या पेट्या भरू द्या, लावणीला उतरू द्या. बोलावणं आलं तर होडी संध्याकाळी परत येतेच. हाताला काम असलं की रात्री झोप लागते, आणि पुन्हा मेडिकलला जावं लागलं तर ती झोपच कामाला येते.

आधीची नोकरी हातात असेल तर मेडिकल आणि बीजीव्ही दोन्ही पार पडल्याचं लेखी मिळेपर्यंत राजीनामा देऊ नका. ऑफर लेटरमध्ये "अटींच्या अधीन" असतं, ते वाचा. काही कंपन्या तपासण्या बाकी असतानाच राजीनाम्याची प्रत मागतात. ही पद्धत मला सरळ अन्यायाची वाटते. सगळी जोखीम उमेदवाराने घ्यायची आणि कंपनीने काहीच नाही?

अनफिट आलंच, तर आधी विचारा: तात्पुरतं की कायमचं? बीपी, साखर, हिमोग्लोबिन, दात, चष्म्याचा नंबर यांवर बहुतेक वेळा इलाज होतो आणि पुन्हा तपासणी करता येते. रंगांधळेपण मात्र बदलत नाही. म्हणून डेकच्या, म्हणजे जहाज चालवायच्या कामाच्या, कोर्सला लाखो रुपये भरायच्या आधी इशिहाराची रंगतपासणी करून घ्या, ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे थोड्या वेळात होते. आणि खलाशाला सर्टिफिकेट नाकारलं तर दुसऱ्या, स्वतंत्र डॉक्टरकडून तपासून घ्यायचा हक्क वर सांगितलेल्या मेरिटाइम कन्व्हेन्शननेच दिलाय. किती जणांना हे माहीत असतं? एजंट तर सांगत नाही.

थांबलेल्यांनी आठवड्यातून एकदा लेखी विचारावं, फोनवर नको. मेल टाका. त्यात पावतीचा नंबर, मेडिकलची तारीख आणि एकच प्रश्न: माझी फाइल सध्या कोणाकडे आहे? "माझं काय झालं" याला उत्तर मिळत नाही, "फाइल कोणाकडे आहे" याला बहुतेक वेळा मिळतं.

आणि कंपन्यांत, एजन्सीत ज्यांच्या टेबलावर या याद्या असतात त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर तुमच्याकडे एक मागणं आहे. निकाल देऊ नका, तो यायचा तेव्हा येईल. पण उद्या ऑफिसात गेल्यावर अडकलेली नावं काढा आणि प्रत्येकाला मेसेज टाका की सॅम्पल मिळालंय, तपासणी चालू आहे, अमुक तारखेपर्यंत पुन्हा कळवतो. त्या तारखेला नवीन काही सांगण्यासारखं नसलं तरी कळवा.