अण्णांच्या बोटावरची शाई

आज २० मे २०२४. आमच्या ठाण्यात लोकसभेचं मतदान, आणि माहेरी, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी मतदारसंघातही आजच. दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर एका सहकाऱ्याचा फोटो आला, कर्जतच्या रिसॉर्टवरचा. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी. मतदान केलंस का विचारलं, तर म्हणे एका मताने काय होतं!

डोकं सणकलं. गेल्या नोव्हेंबरात कांदा साठ-सत्तर रुपयांवर गेला तेव्हा "सरकार झोपलंय का" म्हणून सगळ्यात मोठा आवाज यानेच केला होता. ८ डिसेंबरला कांद्यावर निर्यातबंदी आली ती अशाच ओरड्यापायी.

त्या सकाळी माझे वडील, अण्णा, कांद्याचा ट्रॅक्टर भरून मार्केटला उभे होते. लिलाव बंद पडले, ट्रॉली तशीच घरी आली. लाल कांदा तो. उन्हाळ कांद्यासारखा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, आठ-दहा दिवसांत मिळेल त्या भावाने द्यावाच लागतो. क्विंटलला तीन हजारांच्या पुढे जाणारा माल त्यांनी सतराशेने दिला. आईने फोनवर एवढंच सांगितलं की अण्णा जेवले नाहीत.

११ तारखेला चांदवडच्या रास्ता रोकोला शरद पवार आले. दुखरा गुडघा घेऊन अण्णाही गेले. निर्यात सुरू ठेवा, हे पवारांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. बांगलादेशचं गिऱ्हाईक एकदा तुटलं की दुसरीकडे माल बघतं, आपली वाट बघत बसत नाही. हो, पवार कृषिमंत्री असताना डिसेंबर २०१० मध्येही निर्यात बंद झाली होती, ते विसरलेले नाही. पण म्हणून आजची मागणी चुकीची होत नाही.

आणि बंदी उठली कधी? ४ मेला. मतदान सोळा दिवसांवर आल्यावर! तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर निर्यातभावाची अट ठेवून. १५ मेला आमच्याकडे पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांच्या सभेत एक पोरगा ओरडला, "कांद्यावर बोला." त्याचा तो आवाज अजून कानात आहे. मत मागायला येतात तेव्हाच आमचं ऐकू जातं, तर ते मत आम्ही घरी बसून कसं घालवू? आणि ज्याने मतच दिलं नाही, त्याच्या भाजीच्या पिशवीसाठी अण्णांनी तोटा का सोसायचा?

शहरात रांगा लांब होत्या, ऊन होतं, कित्येकांची नावं यादीत सापडली नाहीत. मान्य. मीही अडीच तास उभी होते. महागाईने गरिबाच्या घरात कांदा कमी होतो, हेही मान्य. पण रिसॉर्टवर जाणाऱ्याच्या घरात तो कमी होत नाही.

अण्णा सकाळी सातलाच शाळेवर गेले होते, चुलतभावाच्या मोटरसायकलवर मागे बसून. भावाने बोटाचा फोटो पाठवलाय. नखात माती आहे आणि तिच्यावर शाई.

मघाशी त्या सहकाऱ्याला फार तोडून बोलले. उद्या ऑफिसात त्याला हा फोटो दाखवीन, शांतपणे. आता अण्णांना फोन लावते. जिना चढून आल्यावर गुडघा सुजला असेल.