तुम्हाला कधी कुणी विचारलं का हो?

मत कुणाला देणार, हे या निवडणूक-सर्वेक्षणवाल्यांनी तुमच्या ओळखीत एकाला तरी कधी विचारलंय? आमच्या सोसायटीत नाही, गावाकडे नाही, सासरवाडीत तर नाहीच नाही. तरी देशाचा 'मूड' यांना उठसूट कळतो! पंतप्रधान म्हणून पसंती कुणाला, आज निवडणूक झाली तर जागा किती... अहो, पण आज निवडणूक आहे कुठे?

१ जून २०२४ आठवतोय? लोकसभेचं मतदान संपतंय न संपतंय तोच यांच्या एक्झिट पोलनी एनडीएला, म्हणजे भाजपच्या आघाडीला, साडेतीनशेच्या वर जागा देऊन टाकल्या, कुणी तर थेट चारशेच्या घरात. ३ तारखेला शेअर बाजार उधळला. ४ तारखेला मतमोजणी: २९३! एकट्या भाजपच्या २४०. सेन्सेक्स चार हजारांहून जास्त आपटला. (आमच्या मेव्हण्याचं तोंड बघवत नव्हतं.) मग काय, दुकान बंद? छे! चारच महिन्यांत याच मंडळींनी हरियाणा काँग्रेसला देऊन टाकलं. आलं कोण? भाजप! २००४ साली वाजपेयींनाही असंच खुर्चीत परत बसवलं होतं की.

आणि चुकलं की म्हणायचं, 'मूक मतदार' बोललाच नाही. अरे, मग तुम्ही इतके दिवस बोलत कुणाशी होता?